गुठळीचे पहारेकरी

वैद्यकाचा इतिहास सांगण्याची एक रूढ रीत आहे. एक रोग, एक शोध, एक शास्त्रज्ञ आणि एक सनावळी. देवी म्हटले की जेन्नर, पेनिसिलिन म्हटले की फ्लेमिंग. पाठ्यपुस्तकांना ही रीत सोयीची असते, कारण परीक्षेत जोड्या लावावयास ती बरी पडते. परंतु काही प्रकरणे या चौकटीत मावत नाहीत. रक्तवाहिनीत धरणारी गुठळी आणि तिच्यावरील उपचार हे असेच एक प्रकरण आहे. या उपचाराचे जनकत्व कोणा एकाकडे देता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, औषध सापडल्यावरही हा उपचार पुरा झाला नाही. ते औषध चालवावयास माणसांची एक फळी उभी करावी लागली आणि ती फळी उभी राहीपर्यंत औषध जितके तारक तितकेच मारक होते. मोठ्या रुग्णालयांत आज ‘अँटिकोॲग्युलेशन क्लिनिक’ अशी पाटी दिसते. तिच्यामागे बसलेल्या परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि डॉक्टर यांचा पूर्वेतिहास या लेखात मांडावयाचा आहे.

आधी रोगाविषयी थोडे. रक्ताकडून आपण दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा करतो. त्याने अखंड वाहावे आणि जखम होताच जागच्या जागी साकळावे. या दोहोंचा तोल ढळला की एकतर रक्त थांबत नाही किंवा नको तेथे गोठते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, हाड मोडून अंथरुणाला खिळल्यानंतर पोटरीतील किंवा मांडीतील खोल नीलेत गुठळी धरते. ती सुटून रक्ताबरोबर वाहत गेली की हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाऊन अडकते. घरी जाण्याच्या आदल्या दिवशी रुग्ण उठून बसतो आणि एकाएकी कोसळतो. जुन्या काळच्या शल्यवैद्यांना या मृत्यूची विलक्षण धास्ती असे, कारण शस्त्रक्रिया उत्तम झालेली असे आणि जखमही भरत आलेली असे.

पायातील गुठळी आणि फुप्फुसातील गुठळी यांचा हा संबंध बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने १८४०च्या दशकात दाखवून दिला. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखसंग्रहात हा विषय विस्ताराने आला आहे. रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीची भिंत दुखावणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे या तीन कारणांना आज ‘फिर्खोचे त्रिक’ म्हणतात. हे नाव मात्र त्याने दिलेले नाही. विसाव्या शतकातील वैद्यांनी त्याच्या विवेचनावरून ते मागाहून बेतले. एका थोर माणसाच्या नावावर पुढच्यांनी ठेव ठेवत जाण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे, असे नव्हे. फिर्खोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१चा. २०१४पासून तोच दिवस जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

रोग कळला, पण औषध नव्हते. येथे काही वाचकांना सुश्रुतसंहितेतील जलौकांच्या अध्यायाची आठवण होईल. सुश्रुताने जळवांच्या जाती, त्या पकडण्याची, पाळण्याची आणि लावण्याची रीत सविस्तर दिली आहे. जळू काढल्यावरही दंशातून रक्त झिरपत राहते, हा तर गावोगावचा अनुभव. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे जॉन हेक्राफ्ट याने १८८४ साली दाखविले आणि पुढे त्या द्रव्याला हिरुडिन हे नाव मिळाले. एवढ्यावरून सुश्रुताला गोठणरोधक द्रव्य ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचा हेतू दूषित रक्त काढण्याचा होता, गुठळी रोखण्याचा नव्हता. त्याच्या निरीक्षणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आधुनिक औषधांपैकी पहिले हेपारिन. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. रक्त गोठविणारे द्रव्य शोधण्याचे काम त्याला दिले होते. त्याला सापडले ते नेमके उलटे, रक्त गोठू न देणारे. ही गोष्ट १९१६ची. १९१८ साली हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी यकृतातून मिळालेल्या अशाच एका द्रव्याला ग्रीक भाषेतील यकृतवाचक शब्दावरून ‘हेपारिन’ म्हटले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मॅक्लीनचे द्रव्य आणि हॉवेलचे पुढचे द्रव्य एक नव्हते, असे जाणकार सांगतात. तरीही मॅक्लीन आपला हक्क सांगत राहिला. १९५७ साली तो वारला आणि १९६३ साली हॉपकिन्समध्ये त्याच्या नावाची पाटी लागली. श्रेयाचा वाद असा रंगत असताना ते द्रव्य माणसाला टोचता येईल इतके शुद्ध करण्याचे काम टोरांटो आणि स्टॉकहोम येथे निराळीच माणसे करीत होती. टोरांटोत इन्सुलिनमुळे ख्यातकीर्त झालेला चार्ल्स बेस्ट, त्याचे रसायनज्ञ सहकारी आणि शल्यवैद्य गॉर्डन मरे; स्वीडनमध्ये एरिक योर्पेस आणि क्लारेन्स क्राफूर्ड. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेपारिन रुग्णांपर्यंत पोहोचले. त्याचा गुण तात्काळ येई, पण ते टोचावे लागे आणि महागही होते. पोटात घेता येईल असे काही हवे होते.

ते आले गोठ्यातून.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात स्वीट क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक सर्वत्र लावले जात असे. हलक्या जमिनीतही ते येई. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी शेतात सेंजी पाहिली असेल, तिच्याच कुळातले हे पीक. मेथीचेही ते दूरचे भावंड. कापून वाळत टाकले की त्याला गोडसर वास सुटतो, तो कुमारिन या द्रव्याचा. मात्र पावसाळी हवेत हा कडबा नीट वाळला नाही आणि त्यावर बुरशी चढली तर तो खाणारी जनावरे रक्तस्रावाने मरू लागत. शिंगे कापली वा खच्चीकरण केले तर जखमेचे रक्त थांबत नसे. ओंटारिओतील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड याने १९२०च्या दशकाच्या आरंभी याचा छडा लावला. एकाच गंजीतल्या चांगल्या आणि सडक्या काड्या वेगळ्या करून त्याने त्या सशांना निरनिराळ्या खाऊ घातल्या. सडक्या काड्या खाणारा मेला, चांगल्या खाणारा जगला. इतका साधा, इतका निर्विवाद प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. हाच स्कोफील्ड १९१९ साली धर्मप्रचारक म्हणून कोरियात होता आणि तेथील स्वातंत्र्यचळवळीवरील जपानी अत्याचारांची छायाचित्रे त्याने जगापुढे आणली होती. सेऊलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत, देशभक्तांच्या शेजारी, या परदेशी माणसाची समाधी आहे. विषयांतर झाले खरे, पण अशी माणसे वाटेत भेटली असता नमस्कार न करता पुढे जाववत नाही.

नॉर्थ डाकोटातील रॉडरिकने १९३०च्या सुमारास दाखविले की, या जनावरांच्या रक्तातील प्रोथ्रोम्बिन हा गोठण्यास आवश्यक घटक कमी झालेला असतो. चारा बदलणे आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त देणे, एवढाच उपाय होता. पण मंदीच्या दिवसांत चारा टाकून देणे शेतकऱ्याला परवडत नव्हते.

फेब्रुवारी १९३३मधल्या एका शनिवारी विस्कॉन्सिन राज्यातील डिअर पार्क येथील एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकीत मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड होती, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची चरवी होती आणि शंभर पौंडांच्या आसपास सडका चारा होता. त्याला राज्याच्या पशुवैद्याकडे जावयाचे होते. ती कचेरी बंद होती. दिवा दिसला म्हणा वा दार उघडे होते म्हणा, तो विद्यापीठातील जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत कार्ल पॉल लिंक याच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंकने त्याला प्रामाणिकपणे सांगितले ते एवढेच की, हा चारा घालू नका आणि जमल्यास रक्त द्या. कार्लसन रिकाम्या हातांनी वादळात परत गेला. लिंकचा जर्मन सहायक ऑयगेन शोफेल याला मात्र ते सहन होईना. त्याने त्या चरवीतील रक्तात हात बुडवून संध्याकाळभर प्रयोगशाळेत थैमान घातले, असे लिंकने पुढे १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. त्या रात्री काम सुरू झाले, ते सहा वर्षे चालले.

या सहा वर्षांचा हिशोब पाहण्याजोगा आहे. सडक्या चाऱ्यातून अर्क काढावयाचा, सशांना द्यावयाचा, त्यांचे रक्त किती वेळात गोठते ते मोजावयाचे आणि पुन्हा पहिल्यापासून. जून १९३९मध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याला रात्रभराच्या कामानंतर पहाटे सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर स्फटिक दिसले. मार्क स्टामानने ते अधिक प्रमाणात काढले. चार्ल्स ह्यूबनरने १९४० साली तेच द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करून त्याची रचना पक्की केली. कुमारिनचे दोन रेणू बुरशीच्या क्रियेने जोडले जाऊन हे द्रव्य होते. त्याला ‘डायकुमारॉल’ म्हणू लागले. १९४१पासून मेयो क्लिनिकमध्ये आणि विस्कॉन्सिनच्या रुग्णालयात ते माणसांना दिले गेले. आज या प्रकरणाशी लिंकचेच नाव जोडले जाते. त्याने स्वतः मात्र आपल्या वृत्तान्तात शोफेल, कॅम्पबेल आणि इतर साऱ्यांना मोकळेपणाने वाटा दिला आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवावयास हवी.

पुढचा टप्पा अधिकच चमत्कारिक. १९४५ साली क्षयाच्या दुखण्याने लिंक आरोग्यधामात पडून होता. तेथे उंदीर मारण्याच्या विषांविषयी वाचता वाचता त्याला सुचले की, डायकुमारॉलच्या भावंडांपैकी एखादे अधिक जहाल असेल तर ते या कामी येईल. प्रयोगशाळेने तयार केलेल्या मालिकेतील ४२ क्रमांकाचे द्रव्य त्याने निवडले. या संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांना कुमारिनचे शेपूट जोडून ‘वॉरफरिन’ हे नाव घडविले आणि १९४८ साली ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. माणसाला ते देण्याचे धाडस कोणी करीना. १९५१ साली अमेरिकी सैन्यात नुकत्याच भरती झालेल्या एका तरुणाने जिवाला कंटाळून हे विष घेतले. रक्त आणि जीवनसत्त्व ‘के’ दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. विषाला उतारा आहे हे त्यावरून डोळ्यांपुढे आले आणि १९५४ साली वॉरफरिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९५५मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्यावरील उपचारांत वॉरफरिन होते. उंदरांचे विष राष्ट्राध्यक्षांना चालले, मग लोकांचाही संकोच गळाला. जीवनसत्त्व ‘के’च्या शोधासाठी हेन्रिक डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना १९४३चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, लिंकला ते मिळाले नाही.

येथवरचा इतिहास प्रयोगशाळेचा. खरी पंचाईत यापुढे होती आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे.

हे औषध इतर औषधांसारखे नव्हते. तापाची गोळी सर्वांना सारखी. वॉरफरिनची मात्रा मात्र एका माणसाला एक मिलिग्रॅम पुरते, तर दुसऱ्याला दहाही अपुरे पडते. ते रक्त पातळ करीत नाही. बोलताना आपण तसे म्हणतो एवढेच. यकृतात जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने गोठण्याचे घटक तयार होतात, त्या कामात ते अडथळा आणते. आधी तयार असलेले घटक संपेपर्यंत त्याचा गुण दिसत नाही, म्हणून मात्रा आज बदलली तर परिणाम दोन-चार दिवसांनी कळतो. पालक, मेथी, कोथिंबीर यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असल्याने हिवाळ्यात भाजी स्वस्त झाली की औषधाचा जोर उतरतो. प्रतिजैविके, वेदनाशामके, मद्य, साधा जुलाब, कशानेही काटा इकडचा तिकडे होतो. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर मेंदूत वा आतड्यात रक्तस्राव. दोन्हीकडे दरी आणि मधली वाट अरुंद. अशा वाटेने रुग्णाला महिनोन्‌महिने, कित्येकांना जन्मभर चालवावयाचे, तर सोबतीला कोणीतरी सतत हवे.

मोजण्याचे साधन १९३५ साली आर्मंड क्विक याने दिले होते. रुग्णाच्या रक्तद्रवात सशाच्या मेंदूपासून केलेली भुकटी आणि कॅल्शियम मिसळावयाचे आणि गुठळी धरावयास किती सेकंद लागतात ते पाहावयाचे. प्रोथ्रोम्बिन टाइम ही तीच तपासणी. घड्याळ, परीक्षानळी आणि कोमट पाण्याचे पात्र यांवर ती भागे. तरीही ती दर आठवड्याला कोणी करावयाची, तिचा आकडा पाहून मात्रा कोणी ठरवावयाची आणि ती घरी गेलेल्या रुग्णाला कोणी कळवावयाची, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर सर्वांत नीट दिले ते हॉलंडने. १९४९ साली उत्रेख्त येथे प्राध्यापक योर्डान यांनी पहिली ‘थ्रॉम्बोसिस सेवा’ सुरू केली. कल्पना सरळ होती. रुग्ण रुग्णालयातून घरी गेला तरी त्याच्या रक्तावरची नजर घरी जाता कामा नये. रक्त काढणारी परिचारिका ठरल्या दिवशी ठरल्या ठिकाणी बसेल, ज्याला येणे शक्य नाही त्याच्या घरी जाईल. नमुने एका प्रयोगशाळेत जातील. तेथील आकडा आणि रुग्णाचे मागील टिपण समोर ठेवून डॉक्टर मात्रा लिहील. आणि कोणत्या दिवशी किती गोळ्या घ्यावयाच्या याचे छापील तारीखपत्रक टपालाने रुग्णाच्या हाती पडेल. रुग्णाची डॉक्टरशी गाठ क्वचित पडे. परिचारिका मात्र दर खेपेस भेटे. नवे औषध कोणते चालू केले, दात कधी काढावयाचा, शौचाला काळे झाले का, हे सारे तीच विचारी. मात्रा ठरविणाऱ्याचे अर्धे काम या विचारपुशीत होऊन जाई.

ही पद्धत देशभर पसरली. काही ठिकाणी ती रेडक्रॉसच्या नावाने चाले. १९७१ साली या सेवांचा महासंघ झाला आणि पुढे त्यांची संख्या साठेकांच्या घरात गेली. जगात इतरत्र हे काम जमेल तसे चालले होते. अमेरिकेत ते पुष्कळ ठिकाणी औषधनिर्मात्यांनी उचलले, इंग्लंडात परिचारिकांनी आणि प्रयोगशाळेतील वैज्ञानिकांनी. पण देशातील बहुतेक सर्व रुग्ण एका जाळ्यात आणण्याचे श्रेय डच लोकांचेच. समुद्र मागे सारण्यासाठी बांध बांधून त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवणाऱ्या लोकांना ही कल्पना परकी वाटली नसावी, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क.

औषध खरोखर जीव वाचविते याचा पुरावा इंग्लंडातील ब्रिस्टलहून आला. बॅरिट आणि जॉर्डन यांनी (हे जॉर्डन उत्रेख्तच्या योर्डानांहून निराळे) फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे दोन गट केले. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी पाच जण गुठळीने दगावले आणि आणखी पाचांना ती पुन्हा झाली. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने कोणी मेले नाही. प्रयोग पुढे चालू ठेवणे त्यांना अनुचित वाटले. १९६० सालचा हा अहवाल आजच्या मापाने चिमुकला, पण पुन्हा कोणी औषधाविना गट ठेवण्यास धजले नाही.

मोजमापात मात्र एक घोटाळा वर्षानुवर्षे राहून गेला होता. प्रत्येक देशाची, किंबहुना प्रत्येक प्रयोगशाळेची मेंदूची भुकटी निराळी. एकच रक्त एका गावी वीस सेकंदांत गोठे, दुसऱ्या गावी तीस. अमेरिकेतील भुकट्या मंद असल्याने तेथील डॉक्टर आकडा गाठण्यासाठी मात्रा चढवीत आणि रुग्णांना रक्तस्राव अधिक होई. इंग्लंडात तसे होत नसे आणि कारण कळेना. मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांनी एका प्रमाणित भुकटीचा आग्रह धरला आणि अनेकांच्या खटपटीने १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयएनआर’ हे समान माप स्वीकारले. त्यानुसार निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास आणि उपचारात तो बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावयाचा. शेर, पायली, मण यांचे गावोगावचे घोळ आपल्या आजोबांनी अनुभवले होते. मापे एक झाली म्हणजे काय होते, हे त्यांना समजावून सांगावे लागले नसते.

डच सेवांचा आणखी एक लाभ झाला, तो अनपेक्षित होता. दप्तर नीट ठेवले की त्यातून ज्ञान निघते. १९८०च्या दशकाअखेर लायडनच्या संशोधकांनी लायडन, ॲम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम येथील थ्रॉम्बोसिस सेवांच्या नोंदींतून पहिल्यांदाच गुठळी झालेले ४७४ रुग्ण निवडले आणि तितक्याच निरोगी माणसांशी त्यांची तुलना केली. स्वीडनच्या ब्योर्न डालबेक यांनी १९९३ साली गुठळीची एक आनुवंशिक प्रवृत्ती वर्णिली होती. तिच्या मुळाशी असलेला जनुकातील बदल १९९४ साली लायडनमध्ये हाती लागला. त्याला त्या गावाचे नाव मिळाले, ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे विरळा. रुग्णाचा आकडा किती काळ योग्य मर्यादेत राहिला हे मोजण्याची फ्रिट्स रोझेंडाल यांची रीतही तेथलीच. तिच्यामुळे प्रथमच औषधाबरोबर औषध चालविणाऱ्यांचीही परीक्षा होऊ लागली.

गुठळी झाल्यावर धावण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे, हा विचार मोठ्या प्रमाणावर सिद्ध करण्याचे काम एका भारतीय वंशाच्या शल्यवैद्याने केले. अखंड भारतात जन्मलेले विजय कक्कर लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात काम करीत. १९७५ साली त्यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात २८ केंद्रांतील ४,१२१ शस्त्रक्रियेचे रुग्ण होते. हेपारिनची लहान मात्रा न दिलेल्या गटात १६ जण फुप्फुसातील गुठळीने गेले, दिलेल्या गटात दोन. आज शस्त्रक्रियेआधी परिचारिका गुठळीच्या धोक्याविषयी प्रश्न विचारून कागदावर खुणा करते, त्या प्रघाताची मुळे या आकड्यांत आहेत.

१९९६ साली हॉलंड आणि कॅनडा येथून एकाच वेळी दोन अहवाल आले. हलक्या वजनाचे हेपारिन त्वचेखाली टोचून पायातील गुठळीचा रुग्ण घरीच बरा करता येतो, असे त्यांनी दाखविले. तोवर अशा रुग्णाला आठवडाभर खाटेवर ठेवीत. आता तो सकाळी चिकित्सालयात येई, पोटरीचा घेर मोजून घेई, सोनोग्राफी करी, सुई टोचण्याचे शिक्षण घेऊन संध्याकाळी घरी जाई. हे सारे घडविणारी व्यक्ती बहुधा विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका असे. आज ज्याला गुठळी-चिकित्सालय म्हणतात त्याचे रूप येथे पुरे झाले. २०१२ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने फुप्फुसातील गंभीर गुठळीसाठी हृदयरोग, शल्य, क्ष-किरण, अतिदक्षता अशा विभागांच्या डॉक्टरांची हाकेसरशी एकत्र येणारी तुकडी उभारली. तिचे अनुकरण पुढे ठिकठिकाणी झाले.

आपल्या देशात या औषधाचा मोठा ग्राहक पायातील गुठळीचा रुग्ण नव्हे, तर हृदयाच्या झडपेचा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा बिघडतात, तारुण्यात कृत्रिम झडप बसवावी लागते आणि धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या प्रेरणेने तयार झालेली स्वदेशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम बसविली गेली. पुढे अशा लाखावर झडपा बसल्या. स्वस्त झडपेने गरिबाला शस्त्रक्रिया आवाक्यात आली, पण शस्त्रक्रियेनंतरची पंचवीस-तीस वर्षे तपासणीवाचून निभत नाहीत. आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा तिचे भावंड असिनोकुमारॉल अधिक चालते. ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे फडताळात एक वही सापडेल: तारीख, आकडा, अर्धी गोळी की पाव. डच सेवा टपालाने जे पत्रक पाठवी ते येथे रुग्णाची बायको किंवा सून लिहिते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूर राहणाऱ्यांना तेही जमत नाही, आणि झडप गुठळीने अडकून पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर आलेले तरुण रुग्ण आपल्या हृदयशल्यवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत.

२०१०च्या सुमारास नवी गोठणरोधके आली. त्यांना रक्ततपासणीची कटकट नाही, पथ्य नाही. अनेकांच्या बाबतीत ती वॉरफरिनच्या तोडीची वा सरस ठरली. हॉलंडमधील सेवांचे रुग्ण रोडावले आणि लहान सेवा एकमेकींत विलीन झाल्या. पहाऱ्याची गरज संपली, असे वाटू लागले. पण धातूच्या झडपेवर त्यांपैकी एक औषध वापरून पाहिले तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, आणि तो प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला.

२०२२ साली ‘इन्व्हिक्टस’ या अभ्यासाचा निष्कर्ष आला. भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांवर रुग्ण त्यात होते. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या आणि हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या या रुग्णांत अर्ध्यांना रिव्हरॉक्सबॅन हे नवे औषध दिले, अर्ध्यांना जुनी गोळी. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही अधिक झाला नाही. कमी झालेले मृत्यू मुख्यतः हृदय एकाएकी थांबण्याचे वा ते थकण्याचे होते. गुठळी कमी झाल्याने त्यांचा उलगडा होत नाही. जुन्या गोळीच्या गटाला आयएनआरसाठी दरमहा यावे लागत असे. तेव्हा प्रकृतीची चौकशी होई, कदाचित इतर औषधेही सुधारली जात. त्यामुळे हा फरक पडला असेल का, याचीही चर्चा झाली. अभ्यासातून ते सिद्ध झालेले नाही. अशा रुग्णांना मात्र आजही जुनीच गोळी दिली जाते आणि ठरल्या दिवशी ते वही घेऊन रांगेत बसतात.